दर्शनाचं म्हणतात ते दार

दर्शनाबद्दल चांगलं बोलायला मला सांगू नका. चांगलं बोलणारे लालबागपासून गिरगावापर्यंत पुष्कळ आहेत. एक तर माझ्या घरातच आहे, माझी बायको शांता. मी सांगेन ते खरं सांगेन, पण त्यात माझा हेवा मिसळलेला असेल हे आधीच कबूल करतो. एकसष्ट वर्षांच्या माणसानं छत्तीस वर्षांच्या पोरीवर जळावं हे शोभत नाही, हे मला कळतं. कळून काही उपयोग होत नाही, एवढंच.

मी शामराव. सुतार आहे म्हणून सगळे मेस्त्री म्हणतात. जुन्या चाळींची कौलं, वासे, लाकडी जिने, फळ्यांची छतं हे माझं काम. गेली पस्तीस वर्षं हेच करतोय. परळच्या कुठल्या चाळीत कुठला वासा कुजलाय हे तिथल्या भाडेकरूंपेक्षा मला जास्त ठाऊक. आणि छपरात काही शिरलं की पहिली हाक मला असायची. घुशी, पारवे, खारी, वटवाघळं, मुंगूस, शिवडीच्या एका गोदामात तर घोरपड. माझी पद्धत सरळ होती. मिरचीची धुरी द्यायची, तोंडाशी गोणपाट धरायचं, भोक बुजवायचं. आत काही राहिलं तर राहिलं. चार दिवस वास येतो, मग जातो. कुणी कधी तक्रार केली नाही, उलट चहा पाजला.

तेव्हा माझी शिडी धरायला बुधाजी असायचा. दर्शनाचा बाप. आमच्याच चाळीत समोरच्या खोलीत राहायचा. गिरणी बंद पडली तसा माझ्याबरोबर यायला लागला आणि बारा वर्षं आला, जाईपर्यंत. त्याला उंचीची भयंकर भीती. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली बघितलं तरी त्याला घाम फुटायचा. त्यामुळे तो वर कधी चढला नाही. खाली उभा राहून दोन्ही हातांनी शिडी धरायचा आणि मान वर करून माझ्या टाचांकडे बघत राहायचा. बारा वर्षांत शिडी तसूभर सरकली नाही.

रविवारी त्याची पोर बरोबर यायची. दहा-अकरा वर्षांची असेल. बापाला जिथे चक्कर यायची तिथे ही सरसर चढून जायची. कौलांवर चालायला तिला मी शिकवलं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगत नाही. कौलाच्या मधोमध पाय द्यायचा नाही, खाली रीप, म्हणजे आडवी लाकडी पट्टी, असेल तिथेच द्यायचा. टाच टेकायची नाही. आधी वजन हळूहळू टाकायचं, मग पाऊल. एका रविवारात शिकली. माझ्या मुलाला मी दोन वर्षं शिकवत होतो, त्यानं शेवटी खाली उतरून कॉम्प्युटरचा क्लास लावला. बुधाजीला अशी पोर कशी काय मिळाली, असा विचार तेव्हाही माझ्या मनात आला होता.

एकदा परळला वटवाघळं होती. मी धुरी दिली. बरीचशी उडाली, काही तिथेच फळीवर पडली. दर्शना वर माझ्या शेजारी बसली होती, नाकाला फ्रॉक लावून. म्हणाली, "काका, ती रोज संध्याकाळी बाहेर जातातच ना? मग ती गेल्यावर दार लावलं असतं तर?"

"वटवाघळांना दार असतं काय गो?" मी हसलो.

"नसतं तर करायचं," ती म्हणाली. आणि मग चार दिवस माझ्याशी बोलली नाही. जिन्यात दिसली की तोंड फिरवायची. मला त्याचं काही वाटलं नव्हतं.

पुढे ती शिकली, लग्न करून परळला गेली, दादरला एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर लागली. एक मुलगी झाली, ओवी. यात लिहिण्यासारखं काही नाही, सगळ्यांचं होतं. पण सुट्टीच्या दिवशी ती एका प्राणिमित्र संस्थेत जायला लागली. तिथे ट्रेनिंग घेतलं. वनखात्याला कधी कळवायचं, कुठल्या जनावराला हात लावायचा, कुठल्याला नाही, सगळं शिकून घेतलं. संस्थेत बाकीची पोरं धीट होती, पण जुन्या छपरावर पाय ठेवला की कौल फुटायचं. ही अलगद जायची. कुणी शिकवलं होतं ते वर सांगितलंच आहे.

मग एक दिवस ती माझ्या दारात उभी. हातात वहीचं पान, त्यावर चित्र.

"काका, असं दार पाहिजे. आतून ढकललं की उघडायचं. बाहेरून किती ढकला, उघडता कामा नये. आणि हलकं पाहिजे, एकदम हलकं. खारीनं नाकानं ढकललं तरी हललं पाहिजे."

मी म्हटलं, होणार नाही. ती गेल्यावर करायला बसलो. पहिलं जड झालं. दुसरं वाऱ्यानं फडफडायला लागलं. मग गिरगावात एका कुटुंबानं मोडीत काढलेला जुना देव्हारा माझ्याकडे पडून होता, त्याच्या पितळी बिजागऱ्या काढल्या. सागाची फळी रंधा मारून मारून इतकी पातळ केली की उजेड दिसेल. चौकटीच्या खालच्या कडेला आतून एक बारीक पट्टी ठोकली. फुंकर मारली की उघडायचं आणि आपलं आपण बसायचं. असं काम मी आयुष्यात दोन-तीनदाच केलं असेल. दर्शनानं ते हातात घेतलं, बोटानं दोनदा ढकललं आणि म्हणाली, "काका, तुम्ही ग्रेट आहात." मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

पण पुढे काय झालं? कुठल्याही चाळीत छपरात काही शिरलं की ही जाणार. आधी चार दिवस नुसती बघत बसणार. बाकीची भोकं जाळीनं बंद करणार, एकच ठेवणार, त्याला ते दार लावणार. आतलं जनावर आपल्या पायांनी बाहेर जाणार, परत येऊ शकणार नाही. ना धूर, ना काठी, ना वास. आणि लोक म्हणायला लागले, दर्शनाचं दार. एका पेपरात तिचा फोटो आला, अर्धं पान. हातात माझं दार. मी तीनदा वाचलं. तिच्या सासूचं नाव होतं, दवाखान्याच्या डॉक्टरांचं होतं, ओवीचंसुद्धा होतं. माझं नाव कुठे नाही. 'एका स्थानिक सुतारानं' असं होतं. शांतानं ते पान कापून कपाटाच्या दारावर चिकटवलं, म्हणजे रोज सकाळी शर्ट काढताना मला ते दिसणार.

"तुमच्या पोटात कित्याक दुखता?" ती म्हणाली. "आपल्या बुधाजीचा चेडू ता."

दुखत होतं, त्याला मी काय करू?

आता नलूताईंकडची गोष्ट सांगतो. ती सांगायलाच बसलोय, उगाच लांबण लावली.

नलूताई गिरगावात एका चाळीत वरच्या मजल्यावर राहतात. शाळेच्या ऑफिसात होत्या, रिटायर झाल्या. एकट्या असतात. त्यांच्या खोलीचं लाकडी छत मीच दोनदा नवीन केलंय. फेब्रुवारीत त्यांच्या मजल्यावर भांडण लागलं ते भातावरून. रोज संध्याकाळी गॅलरीभर आंबेमोहोर शिजल्यासारखा वास. शेजारच्या प्रितीला वाटायचं, नलूताई एकट्या असून रोज महागाचा तांदूळ शिजवतात आणि वाटीभर कधी देत नाहीत. नलूताईंना वाटायचं, प्रिती शिजवते आणि वर नाक मुरडते. दोघींचं बोलणं बंद झालं. मग एकदा नलूताईंनी घरात चूलच पेटवली नव्हती, उपास होता, तरी वास आला. तोही डोक्यावरून. त्यांनी मला बोलावलं.

मी छताखाली उभा राहिलो, वास घेतला आणि दोन पावलं मागे सरलो. आमच्या गावाकडे लहान पोरालासुद्धा माहीत असतं, रानात शिजत्या भाताचा वास आला की जवळपास साप आहे. मी नलूताईंना म्हटलं, "ताई, बाहेर व्हा. हा नाग आहे."

दहा मिनिटांत अख्खा मजला खाली चौकात. कुणाच्या हातात पर्स, कुणाच्या हातात मळलेली कणीक. मी जिन्याच्या तोंडाशी काठी घेऊन उभा. खूप दिवसांनी सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. तेवढ्यात प्रितीनं दर्शनाला फोन लावला.

ती दवाखान्यातून तशीच आली, युनिफॉर्मवर. वर गेली. अर्ध्या तासानं खाली आली ती कागदावर काहीतरी घेऊन. माझ्यापुढे धरलं. वाळलेली विष्ठा होती, तिच्यात बिया.

"काका, साप पेरू नाही खात," ती म्हणाली. "उदमांजर आहे. त्याच्या अंगालाच असा वास असतो."

चौकात असा हशा पिकला की समोरच्या इमारतीतले लोक खिडकीत आले. नलूताई आणि प्रिती एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून हसत होत्या. दर्शना हसली नाही. ती हसली असती तर मला सोपं गेलं असतं.

मग तिची नेहमीची पद्धत सुरू झाली. छपराला चार भोकं सापडली. तीन मी जाळी मारून बंद केली, तिच्या सांगण्यावरून. हो, आता मी तिच्या हाताखाली. चौथ्या भोकाशी तिनं रांगोळी पसरली, चाळून, पातळ. भोकात पेपरचा सैलसर बोळा. रोज सकाळी दवाखान्याआधी येऊन बोळा कुठे पडलाय ते बघायची, रांगोळीत पावलं बघायची. माझ्या मते त्यात नुसती रांगोळी होती. ती मात्र वाकून वाकून वाचायची.

"मादी आहे, काका. संध्याकाळी सातच्या सुमाराला जाते. पण पहाटेपर्यंत बाहेर राहत नाही, मध्येच एकदा येते, परत जाते. आत पिल्लं असणार. आता दार नाही लावायचं. पिल्लं तिच्यामागे चालायला लागू देत. तीन-चार आठवडे."

"आवाज ऐकलास पिल्लांचा?"

"नाही अजून. पण असणार."

नलूताईंनी कबूल केलं. प्रितीची कुरकुर होती, छपरावर पावलं वाजली की तिचा मुलगा घाबरतो म्हणून. पण नलूताई म्हणाल्या, "बाळा, तू म्हणतेस ना, मग थांबू आम्ही." बाळा! मी वीस वर्षं त्यांच्याकडे जातोय, मी अजून मेस्त्रीच. तिला चहा कपबशीतून, बरोबर नारळाची वडी. मला स्टीलच्या पेल्यात. त्यात त्यांचा हेतू काही नव्हता हे मला माहीत आहे. पण मी त्या वडीकडे बघत होतो.

आठ दिवस झाले आणि माझ्या डोक्यानं घेतलं की पिल्लंबिल्लं काही नाहीत. ही नुसते दिवस काढतेय. जेवढे दिवस जास्त, तेवढी हिची वाहवा जास्त. पेपरवाले पुन्हा येतील. मी रोज यावर विचार करत होतो, रंधा मारतानासुद्धा.

नवव्या दिवशी संध्याकाळी खिडकीची कडी दुरुस्त करायच्या निमित्तानं गेलो. नलूताई भजनाला गेल्या होत्या, किल्ली माझ्याकडे दिली होती. सातला पाच कमी असताना मादी बाहेर आली. मी बघितली. लांब शेपूट, काळं तोंड. पाइपवरून उतरली आणि मागच्या आंब्यावर गेली. मी छताच्या फळीला कान लावला. बराच वेळ लावला. काही ऐकू आलं नाही.

मग मी वर चढलो आणि भोकावर फळी ठोकली. दोन खिळे. सहा मिनिटांचं काम. उद्या नलूताईंना सांगायचं होतं, ताई, महिनाभराचं काम मेस्त्रीनं एका संध्याकाळात केलं, जनावराला ओरखडासुद्धा न आणता. त्या काय म्हणतील तेही मी मनात बोलून बघितलं होतं. घरी जाऊन जेवलो आणि शांत झोपलो. हे लिहायची लाज वाटते, पण झोपलो.

सकाळी साडेसहाला दर्शनाचा फोन. "काका, शिडी घेऊन नलूताईंकडे या. आत्ता." बाकी काही नाही.

मी पोचलो तर गॅलरीत सगळे जमलेले. रात्रभर छपरावर काहीतरी ओरबाडत होतं, तीन कौलं फुटली होती. आणि आतून, फळ्यांमागून, बारीक आवाज येत होता. मांजराच्या पिल्लासारखा, पण त्याहून पातळ. तो मी पहिल्यांदा ऐकला.

दर्शना माझ्या आधी वर गेली. मी तिच्या मागे. तिनं फळी बघितली. खिळे बघितले. मी खिळा जरा डावीकडे तिरका मारतो, पहिल्यापासून. जुन्या लाकडात तो तसा धरून बसतो. हेही तिला मीच शिकवलं होतं. तिनं माझ्या हातातून जंबुरा घेतला, दोन्ही खिळे उपटले आणि जीन्सच्या खिशात टाकले. माझ्याकडे बघितलं नाही.

फळी निघाली. तीन पिल्लं होती. दोन कोपऱ्यात एकमेकांना चिकटलेली. तिसरं अगदी भोकाशी होतं, माझ्या फळीला नाक लावून. ते गार झालं होतं.

खालून नलूताईंनी विचारलं, "दर्शना, काय झालं गं? कुणी बंद केलं?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. जिभेवर शब्द होता. खाली वीस माणसं मान वर करून बघत होती आणि त्यांत प्रिती होती, जी त्या दिवशी सापावरून सगळ्यांत जास्त हसली होती. माझ्या तोंडून काही निघालं नाही.

"माझ्याकडून झालं, ताई," दर्शना म्हणाली. "आत काही नाही असं समजून बंद केलं. घाई झाली. एक पिल्लू गेलं."

खाली कुणीतरी "अरेरे" म्हणालं. नलूताई वळल्या. आत गेल्या.

तो दिवस मी विसरणार नाही. तिनं दवाखान्यात रजा सांगितली. वनखात्याला फोन केला. गार झालेलं पिल्लू फडक्यात गुंडाळून खाली नेलं, उरलेली दोन पिल्लं एका खोक्यात ठेवली, खाली सुती कापड, बाजूला कोमट पाण्याची बाटली. खोका तिथेच छपरात, भोकाशी, कारण मादी परत आली तर तिथेच येणार. वर ऊन होतं, म्हणून मी ओलं गोणपाट धरून बसलो. पाणी आणत होतो, कौलं सारत होतो. ती सांगत होती, मी करत होतो.  पिल्लांच्या पोटांकडे बघत होतो, हलतायत की नाही.

सात वाजले, मादी नाही. सव्वासात, नाही. दर्शनाचे ओठ कोरडे पडले होते. साडेसातला आंब्याची फांदी हलली. आम्ही दोघं आढ्यापलीकडे पालथे पडलेलो. मादी भोकाशी आली, थांबली, आत गेली. एकाला मानेशी धरून बाहेर आली, पाइपवरून खाली. मग परत आली, दुसऱ्याला नेलं. मग तिसऱ्यांदा आली. आत गेली. तिला वेळ लागला. रिकाम्या तोंडानं बाहेर आली, भोकाशी बसली, पुन्हा आत गेली. असं तिनं तीनदा केलं. मग गेली.

खाली उतरल्यावर जिन्यात मी तिला गाठलं. "तू का अंगावर घेतलंस?"

ती बुटाची नाडी बांधत होती. "कारण तुम्ही बोलला नाहीत. मी थांबले होते, काका. तुम्ही बोलाल म्हणून." तिनं दुसरी नाडी बांधली. "तिथे तमाशा झाला असता तर त्यांनी दोघांनाही हाकललं असतं आणि दुपारी कुणीतरी धुरी दिली असती. मला संध्याकाळपर्यंतचा वेळ पाहिजे होता. तुमच्यासाठी नाही केलं."

"दर्शना..."

"मी तुमच्यावर खूप चिडलेय. आता घरी जा."

खिशातून दोन्ही खिळे काढून तिनं माझ्या पिशवीत टाकले आणि गेली. आणि माझं मन बघा किती वाईट. इतकं होऊनसुद्धा मला तिचा हेवाच वाटला. चिडलेली असताना तिनं दिवसभर हात थरथरू दिला नाही, याचा.

मग मला जे हवं होतं ते सगळं मिळालं. गॅलरीतल्या लोकांनी काय बघितलं होतं? दर्शनाच्या हातून पिल्लू गेलं आणि मेस्त्री दिवसभर उन्हात गोणपाट धरून बसले. नलूताईंनी मला कपबशीतून चहा दिला. बशीत नारळाची वडी होती. ती मी तोंडात टाकली आणि गिळता गिळेना, नलूताई समोर बसलेल्या म्हणून गिळली. दर्शनाला गिरगावातून फोन येणं कमी झालं. पोरगी चांगली आहे पण घाई करते, असं लोक बोलायला लागले. प्रितीनं ते चार जणींना सांगितलं. दर्शना मला फोन करेना, घरी येईना. दार तिच्याकडेच होतं. शांता मला विचारायची, "चेडवान असा कसा केल्यान ओ?" मी पेपर वाचत असल्याचं दाखवायचो. कपाटावरचा तो फोटो मी काढून टाकीन म्हटलं तर हात होईना.

तीन आठवड्यांनी ठाकुरद्वारहून एका गृहस्थांचा फोन आला. चिंतामणी नावाचे, चाळीच्या कमिटीत आहेत. छपरात खारींनी घर केलं होतं, वायरी कुरतडत होत्या.

"तुम्हीच या, मेस्त्री. ती मुलगी नको. ती घाई करते असं ऐकलंय. तुमच्यासारखा जुना, जाणता माणूस हवा."

हेच वाक्य ऐकायला मी किती दिवस आसुसलो होतो. अगदी हेच, शब्दाला शब्द. मी फोन कानाला लावून उभा होतो आणि मला ते मादीचं तिसऱ्यांदा आत जाणं दिसत होतं.

"ती घाई करत नाही," मी म्हटलं. "घाई मी केली होती. फळी मी ठोकली. तिला न विचारता."

पलीकडे ते एकदा खाकरले. मग ते म्हणाले, "मग आम्ही बोलवायचं कुणाला?"

"तिलाच. तिला विचारून कळवतो."

फोन ठेवला तर शांता स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिनं सगळं ऐकलं होतं.  रात्री मला ताट वाढलं आणि स्वतः जेवली नाही. नलूताईंना मी दुसऱ्या दिवशी समोर जाऊन सांगितलं. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. "मेस्त्री, तुम्ही?" एवढंच म्हणाल्या आणि खोलीची किल्ली परत मागितली. त्यानंतर त्यांचं काम मला आलेलं नाही. प्रितीनं मात्र तेही चार जणींना सांगितलं, हे तिचे उपकार.

मग दर्शनाला फोन केला. पाचव्या रिंगला उचलला.

"ठाकुरद्वारला काम आहे. खारी. दार घेऊन ये."

तिनं एवढंच विचारलं, "वर कोण चढणार?"

"तू. मी शिडी धरतो."

"बाबांसारखी धरायची, काका. दोन्ही हातांनी. फोन बघायचा नाही."

रविवारी गेलो. शिडी भिंतीला लावली. ती चढली, मी धरली. शिडी धरणं इतकं कंटाळवाणं काम असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मान दुखते. डोळ्यांत माती पडते. वरचा माणूस काय करतो ते दिसत नाही, नुसत्या टाचा दिसतात. तिचं पाऊल रिपेवर बरोबर पडत होतं, टाच टेकत नव्हती. वरच्या गॅलरीत बायका जमल्या, तिला चहा विचारत होत्या, सरबत विचारत होत्या. मला कुणी विचारलं नाही आणि हो, मला राग आला.

तेवढ्यात गॅलरीतून कुणीतरी तिला विचारलं, "खाली शिडीला कोण आहे गं?"

माझं टाचांवरचं लक्ष उडालं. कारण हा प्रश्न मला ओळखीचा होता. मी वर असताना बारा वर्षं लोक मला हेच विचारायचे. आणि बारा वर्षं मी एकच उत्तर दिलं. कोणी नाही, माझा माणूस आहे. बुधाजी खाली उभा असायचा, त्याला सगळं ऐकू यायचं.

"शामराव मेस्त्री," वरून दर्शना म्हणाली, सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात. "हे दार त्यांनीच केलंय."

मी वर बघितलं नाही. शिडीवरची पकड सैल झाली होती, ती पुन्हा दोन्ही हातांनी घट्ट केली.